लिंबाएवढा खड्डा

मातीची गोटी गोल नसते. हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करीत आहे. माझ्या संग्रहातील प्रत्येक गोटीचा व्यास मी व्हर्नियरने तीन दिशांनी मोजला असून तिन्ही मापे एकमेकांशी जुळली, असे एकदाही घडलेले नाही. काचेची गोटी यंत्रातून निघते. तिच्यात दोष नसतो आणि म्हणूनच तिच्याविषयी बोलण्यासारखेही काही नसते. मातीची गोटी मात्र कोणाच्या तरी दोन तळहातांमध्ये फिरलेली असते. तो माणूस घाईत होता की निवांत, त्याचा कोणता हात जड होता, मध्येच कोणी हाक मारल्यामुळे त्याने मान वळवली होती की काय, हे सारे तिच्या बेढबपणात उतरलेले असते. कारखान्याच्या तपासणी विभागात ज्या प्रकारच्या वस्तूंवर मी नोकरीभर नापासाचा शिक्का मारत आलो, नेमक्या तसल्याच वस्तू निवृत्तीनंतर मी कापसात गुंडाळून ठेवू लागलो, या विषयावर आमच्या घरात पुष्कळ बोलून झालेले आहे.

"निवृत्त झाल्यावर लोकांना साखरेचा त्रास होतो," ही म्हणाली, "तुम्हाला गोट्यांचा झाला. साखरेवर निदान गोळ्या तरी मिळतात."

ही म्हणजे माझी पत्नी. तिच्या विनोदबुद्धीविषयी मी या लेखनात तटस्थ राहणार आहे.

बाहेरच्या माणसांना या संग्रहाचे कारण मी 'ऐतिहासिक आस्था' असे सांगतो, आणि ते अगदीच खोटे नाही. माणूस काचेच्या आधी मातीच्या गोट्या खेळला, मातीच्या आधी दगडाच्या, आणि त्याही आधी कठीण कवचाची जी फळे हाती लागतील ती. म्हणजे लिहायला शिकण्याआधीच तो नेम धरायला शिकला असावा, असे माझे मत आहे. 'गोट्यांच्या खेळाचा संक्षिप्त इतिहास' या नावाचा एक निबंध मी लिहायला घेतला आहे. त्याचे पहिले प्रकरण 'अंगठा' हे असून ते अद्याप संपलेले नाही. त्यामुळे 'संक्षिप्त' हा शब्द ठेवावा की काढावा, याचा मी विचार करतो आहे.

पण खरे कारण ताई आहे.

ताई माझी थोरली बहीण. आमच्या लहानपणी काचेच्या गोट्या आम्ही फक्त दुसऱ्यांच्या हातात पाहिल्या. आमच्या गोट्या ताई करायची. ओढ्याकाठची चिकण माती आणून, तळहातात वळून, सावलीत सुकवून, मग चुलीच्या निखाऱ्यांखाली राखेत पुरून ती त्या भाजायची. आणि त्यांच्यानिशी सगळ्या आळीला हरवायची. अंगठा जमिनीला टेकवून मधले बोट मागे ताणले, डावा डोळा मिटला आणि जिभेचे टोक दातांत धरले, की समोरच्याने आपली गोटी उचलून तिच्या हातात ठेवावी, इतका तिचा दरारा होता.

एका संध्याकाळी डाव शेवटाला आला होता. फक्त ती आणि मी उरलो होतो. तिची एक खेळी बाकी होती. तिने नेम धरला आणि तेवढ्यात दारातून आईची हाक आली, "आत ये. मोठी झालीस आता. पुरे झालं ते मातीत बसणं." ताईने एकदा माझ्या गोटीकडे पाहिले, एकदा आईकडे पाहिले, गुडघे झटकले आणि ती आत गेली. पुन्हा ती खेळायला बाहेर आली नाही. मी मात्र माझ्या गोटीजवळ पहारा देत उभा राहिलो, कारण डाव संपला नव्हता आणि कोणी गोटी हलवू नये, असा नियम होता. दुसऱ्या दिवशीही उभा राहिलो. मग कधीतरी त्या जागेवरून एक गाडी गेली.

नंतर ताईचे लग्न झाले, संसार झाला, तो तिने नीट निभावला, आणि आता ती एकटी आहे. समुद्रापलीकडे असलेल्या तिच्या लेकीने तिला कायमचे बोलावून घेतले. जाण्यापूर्वी ती आठवडाभर आमच्याकडे राहायला येणार, असा फोन आला. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ व्हर्नियर उघडत आणि मिटत बसलो. ताई एकदा तिकडे गेली की परत येण्याचे तिचे वय राहिलेले नाही, आणि तिकडे जाण्याचे माझे. म्हणजे तिची ती एक खेळी व्हायची असेल, तर ती या आठवड्यातच व्हायला हवी होती.

तयारीसाठी माझ्याजवळ महिनाभराचा अवधी होता. कोणताही प्रकल्प मोडीत काढायला एवढा वेळ भरपूर झाला.

गोट्यांची मला काळजी नव्हती. त्या मी जुन्या वस्तूंच्या एका दुकानातून जमवल्या होत्या. काटे नसलेली घड्याळे आणि जोडीदार गमावलेले बूट यांच्यामध्ये बसलेला तो दुकानदार अत्यंत हसतमुख माणूस. पहिल्याच भेटीत त्याने एक मळकी थैली माझ्यासमोर ओतली.

"काका, बघून घ्या. राजाच्या काळातल्या आहेत."

"कोणत्या राजाच्या?"

"तुम्हाला कोणता हवाय?"

मी तंत्रनिकेतनात शिकलेला माणूस आहे. पुराव्याशिवाय एखादी गोष्ट मान्य करणे माझ्या स्वभावात नाही. तसे मी त्याला स्पष्ट सांगितले.

"पुरावा काय मागता, काका! अंगावरची धूळ बघा की."

धूळ खरोखरच जुनी होती. मी थैली घेतली. त्यानंतर मी जेव्हा जेव्हा गेलो, तेव्हा तेव्हा त्याच्याकडे आणखी एक थैली नुकतीच आलेली असे. हा योगायोग मला तेव्हा केवळ भाग्याचा वाटला.

अडचण गोट्यांची नव्हती, जमिनीची होती. गोटीला माती लागते आणि त्या मातीत लिंबाएवढा खड्डा लागतो. आम्ही त्याला गल म्हणत असू. आमच्या परिसरात माती उरलेलीच नाही, हे मला या वयात प्रथमच कळले. रस्ता डांबराचा, पदपथ सिमेंटचा. मुलांच्या बागेत रबराच्या मऊ लाद्या. मैदानावर हिरवे प्लास्टिकचे गवत आणि त्यावर 'पादत्राणे बाहेर काढावीत' अशी पाटी. मी खिशात एक गोटी ठेवून आठवडाभर हिंडलो. जागोजागी वाकून पाहत होतो. बागेच्या रखवालदाराने हटकले.

"काही पडलंय का, आजोबा?"

"नाही. जमीन शोधतो आहे."

"मग इकडे कुठे? दलालाकडे जा," तो म्हणाला आणि पुन्हा मोबाइलमध्ये शिरला.

अखेर ती सापडली आमच्याच सोसायटीत. पाण्याच्या टाकीमागे, स्कूटर लावतात त्या जागेच्या कडेला, चादरीएवढा मातीचा एक तुकडा. फरशी बसवताना ती कमी पडली म्हणून तो उघडा राहिला होता आणि मग सगळे त्याला विसरून गेले होते. मी उकिडवा बसलो, गोटी सोडून पाहिली. ती दोन वीत गेली, थबकली आणि किंचित मागे आली. हा प्रसंग मी घरी येऊन हिला सविस्तर सांगितला.

"मग झालं की," ही म्हणाली. "वन्सं आल्या की चमचा न्या, खड्डा करा, खेळा आणि पायाने बुजवून टाका. कोण बघतंय?"

"विनापरवाना?"

ही माझ्याकडे बघत राहिली. या नजरेचा अर्थ मला सहजीवनाच्या दीर्घ अनुभवातून कळतो, पण तत्त्वाचा प्रश्न होता. सामायिक जागेत खोदकाम करायचे, तर समितीला लेखी कळवणे हा साधा शिष्टाचार आहे. मी अर्ज लिहिला. अर्जासोबत नकाशा जोडला: वरून दिसणारे दृश्य, बाजूचे दृश्य आणि खड्ड्यातून घेतलेला छेद, त्यात मातीसाठी तिरप्या रेषा, सर्व मापे मिलिमीटरमध्ये. कित्येक वर्षांनी ड्रॉइंग बोर्ड काढला होता; हात अजिबात थरथरला नाही, याची येथे नोंद व्हावी. टाकीपासूनचे अंतर आणि त्या मोकळ्या तुकड्याच्या चारही बाजू मी फार काळजीने मोजल्या. उजव्या कोपऱ्यात, प्रथेप्रमाणे चौकटीत, ठळक अक्षरांत शीर्षक लिहिले: 'प्रस्तावित खोदकाम'.

ते दोन शब्द मी लिहायला नको होते.

दुसऱ्याच दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी नकाशाची गुंडाळी बगलेत मारून दारात उभे राहिले.

"काका, टाकीच्या पायाला धोका नाही ना?"

"अहो, खड्डा लिंबाएवढा आहे."

"ते तुम्ही सांगताय. पण कागदावर तर केवढा मोठा दिसतोय!"

"ते प्रमाण आहे. बारकावे दिसावेत म्हणून मोठा काढतात."

"हेच. सुरुवातीला सगळे बारकावेच असतात, काका. मागच्या सोसायटीत असंच एकाने लहानसं भोक पाडलं, तर खालच्या मजल्यावरची मंडळी छत्री घेऊन आंघोळीला जायला लागली." त्यांनी पाणी मागितले, प्यायले, आणि पाण्याच्या पाइपांचा जुना आराखडा शोधून आणावा, असे मला सुचवून ते निघून गेले. तो आराखडा कोणाकडेच नव्हता. तो नसल्याचा दाखला मात्र लागणार होता.

जिन्यात वरच्या मजल्यावरचे वकील भेटले. त्यांना विषय आवडला होता.

"एक सांगा. खड्डा तात्पुरता की कायम? कायम असेल, तर सामायिक जागेत खासगी बांधकाम झालं."

"खड्डा हे बांधकाम कसं होईल? खड्डा म्हणजे उलट काहीच नसणं."

"नसण्यालासुद्धा मालक लागतो, साहेब. उद्या त्यात कोणी पडलं तर?"

"लिंबाएवढ्या खड्ड्यात कोण पडणार?"

"माणूस नाही पडणार. टाच पडेल," वकील म्हणाले. "आणि टाचेच्या मागोमाग माणूस येतोच."

तळमजल्यावरच्या मावशींनी माझी निराळीच परीक्षा घेतली. मी दूध घेऊन येत असता त्यांनी मला दारापाशी थांबवून आवाज खाली आणला.

"जपून खणा हं. आणि सापडलं तर सगळ्यांचं म्हणून सांगा. एकट्याने दाबायचं नाही."

"काय सापडलं तर?"

"वा! रोज जुन्या वस्तूंच्या दुकानात जाता, नकाशे काढता, टाकीमागे वाकवाकून बघता. आम्ही काय डोळे मिटून बसलोय होय?"

मी त्यांना सत्य सांगितले. माझी थोरली बहीण येणार आहे आणि आम्हा दोघांना गोट्या खेळायच्या आहेत, असे. मावशींनी मला आपादमस्तक न्याहाळले. "नसेल सांगायचं तर राहू द्या," त्या म्हणाल्या, "पण असली थाप मारू नये माणसाने या वयात."

अपमान गिळायला मी कारखान्यातच शिकलो होतो. पण तेथे निदान तो लेखी स्वरूपात मिळत असे.

यथावकाश समितीची सभा झाली. मला निमंत्रण नव्हते, कारण मी संबंधित पक्ष होतो. सभा संपल्यावर सेक्रेटरी स्वतः वर आले आणि त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला.

"काका, आभार मानायला आलोय."

"परवानगी मिळाली?"

"ऐका तर. टाकीमागे इतकी जागा उघडी राहिलीये, हे तुमच्या अर्जामुळे सगळ्यांच्या लक्षात आलं. म्हणजे उद्या कोणीही उठेल आणि खणत सुटेल. तेव्हा एकमताने ठरलं, तिथे ताबडतोब फरशी बसवायची. कित्येक वर्षं रखडलेलं काम हो! आणि मापं घ्यायचेही कष्ट पडले नाहीत. तुमचा नकाशाच फरशीवाल्याला दिला."

दोन दिवसांत फरशी बसली. मी पाहायला गेलो. एकही तुकडा कापावा लागला नव्हता, एकही फट जास्तीची नव्हती. मापे अचूक असली की काम कसे उतरते, याचा तो नमुना होता. मला क्षणभर अभिमान वाटला, ही गोष्ट मी हिला अजून सांगितलेली नाही. त्यानंतर आठवड्याने समितीचे रीतसर पत्रही आले: सदर जागी खड्डा करण्यास हरकत नाही, मात्र नव्या फरशीला धक्का लागू नये.

माती गेली. निदान गोट्या तरी ताईच्या हातात द्याव्यात, तिला त्या चाचपू द्याव्यात, असे मी मनाशी ठरवले. ती येण्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी सगळा संग्रह कापसातून बाहेर काढला. आमच्या तपासणी विभागाच्या भिंतीवर एक सूचना रंगवलेली होती: 'वस्तू आधी स्वच्छ करावी, मग हाताळावी.' या सूचनेने मला आयुष्यात कधी दगा दिला नव्हता. मी बादलीत कोमट पाणी घेतले, चिमूटभर साबणाची पूड टाकली, गोट्या अलगद आत सोडल्या आणि पडलो जरा.

चहाच्या वेळी उठलो. बादलीत हात घातला. गोट्या नव्हत्या. खाली मऊ, गुळगुळीत, उत्तम प्रतीचा चिखल होता.

मी तसाच, हात न पुसता, दुकान गाठले. दुकानदाराने माझ्या कोपरापर्यंतच्या चिखलाकडे आदराने पाहिले.

"विरघळल्या?"

"सगळ्या! कच्च्या होत्या. भाजलेल्यासुद्धा नव्हत्या!"

"बघा!" तो म्हणाला. "म्हणजे खऱ्या जुन्या होत्या. नव्या असत्या तर टिकल्या नसत्या?"

मी या वाक्यातली चूक रस्ताभर शोधत घरी आलो. चूक आहे हे नक्की. पण ती नेमकी कोठे आहे, हे मला त्याला तोंडावर सांगता आले नाही. ज्याने तपासणी विभागात हयात घालवली, त्याला बादलीभर चिखलाने फसवावे, या गोष्टीवर ही हसली नाही. ही हसली नाही, तेव्हा मला प्रकरणाचे गांभीर्य कळले.

दुसऱ्या दिवशी ताई आली. मागच्या भेटीपेक्षा ती आणखी लहान झाली होती. एका हाताने भिंत धरून चालत होती. तिच्या दोन बॅगा विमानाच्या वजनमर्यादेप्रमाणे भरलेल्या होत्या आणि त्यांत आता रुमालसुद्धा मावणार नाही, असे ती पुनःपुन्हा सांगत होती. चहा झाला, लेकीच्या घराचे फोटो पाहून झाले. ती हात धुवायला गेली आणि आतून तिची हाक आली.

"छोट्या! ही बादलीत माती कसली रे?"

या जगात मला छोट्या म्हणणारे आता एकच माणूस उरले आहे.

मी गेलो. ताईने बादलीत हात घातला होता आणि ती चिखल बोटांमधून पिळून पाहत होती. "चांगली आहे. चिकट आहे. कुठून आणलीस?"

"राजाच्या काळातली आहे, वन्सं," मागून ही म्हणाली.

मग मला सगळे सांगावे लागले. दुकान, टाकी, नकाशा, फरशी, बादली. मी क्रमवार सांगत होतो आणि त्या दोघी एकमेकींचे खांदे धरून हसत होत्या. ताईला ठसका लागला. तो थांबल्यावर ती डोळे पुसत म्हणाली, "पण एवढं कशासाठी?"

"तुझी एक खेळी राहिली होती, ताई."

ती चिखल पिळत राहिली. मला वाटले, ती विसरली असावी; विसरली असेल, तर ते कोणत्या शब्दांत स्वीकारायचे, याची मी मनातल्या मनात जुळवाजुळव करू लागलो.

"तुझी गोटी गलीच्या पलीकडे होती," ताई म्हणाली. "डाव्या अंगाला. तिच्याशेजारी चपटा दगड होता. मी आतल्या खिडकीतून बघायचे. तू आपला खांबासारखा उभा. अंधार पडला तरी उभा. मी आतल्या आत म्हणायचे, अरे, ये आता घरात." तिने हातावरचा चिखल सारखा केला. "आणि खिडकीतूनही नेम दिसत होता मला. तिथूनसुद्धा लागला असता."

ही उठली. गॅलरीत गेली आणि प्लास्टिकच्या लांबट कुंडीतून तिने आपला गुलाब मुळांसकट उपटला. त्या गुलाबाला ती माझ्यापेक्षा वेळेवर पाणी देते. तो तिने एका जुन्या पातेल्यात लावला आणि हात झटकले.

"ही घ्या जमीन. इथे सेक्रेटरी मी, समिती मी."

"अगं, मग आधी का नाही बोललीस? महिनाभर मी..."

"माझ्याकडे अर्ज कुठे आला?" ही म्हणाली.

कुंडी आम्ही टेबलावर चढवली, कारण ताईचे गुडघे आता जमिनीपर्यंत जात नाहीत. मी माती थापून सपाट केली आणि पाणसळ आणून पातळी तपासू लागलो.

"ते काय करतोस?"

"जमीन समतल हवी ना."

"कोणी सांगितलं? आपल्या आळीत चढ होता. त्या चढामुळे तर मी जिंकायचे. तुला ठाऊक नव्हतं?"

मला ठाऊक नव्हते. ती सारी वर्षे मी एका उतारावर हरत होतो आणि मला वाटत होते, माझाच हात वाईट आहे. चढ येण्यासाठी कुंडीच्या एका टोकाखाली काहीतरी हवे होते. ताईने इकडेतिकडे पाहून माझ्या निबंधाची फाइल उचलली आणि खाली सारली. जाडी नेमकी बसली. गोट्यांच्या इतिहासाचा गोट्यांच्या खेळाला झालेला हा पहिला प्रत्यक्ष उपयोग.

गोट्या ताईने त्याच संध्याकाळी वळल्या. हात कापत होते, पण दोन तळहात एकमेकांवर आले की कापणे थांबायचे. वळलेल्या गोट्या तिने ताटलीत मांडून सावलीत ठेवल्या.

"सुकायला पंधरा-वीस दिवस तरी हवेत," ती म्हणाली. "मग भाजायच्या."

ती आठवड्यानंतर जाणार होती. हे आम्हा तिघांनाही माहीत होते, म्हणून कोणी मोठ्याने म्हटले नाही. मी दररोज सकाळी गोट्या उलटवून पाहत होतो. एकदा पंखा लावून पाहिला. ताई ओरडली, "तडकतील! त्यांना त्यांच्या वेळाने सुकू दे." मी पंखा बंद केला. त्यांचा वेळ आणि आमचा वेळ यांचा मेळ बसत नव्हता आणि त्यावर माझ्या शिक्षणात उपाय नव्हता.

निघण्याच्या दिवशी दुपारी गोट्या वरून फिकट झाल्या होत्या, पण आत ओल होती. बॅगा दाराशी गेल्या होत्या. ताई खुर्ची ओढून कुंडीसमोर बसली.

"आण."

माझी गोटी तिने आठवणीने जागेवर ठेवली. मी वाकून पाहिले. "ताई, जरा उजवीकडे होती."

"तू तपासणीत होतास. मी खेळात होते. गप्प बस."

तिने बोटाने गल केली. अंगठा मातीला टेकवला. मधले बोट मागे ताणले, डावा डोळा मिटला, आणि जिभेचे टोक दातांत आले. त्या एका क्षणी माझ्यासमोर म्हातारी बाई नव्हती. दारातून आता कोणी हाक मारू नये, एवढेच मी मनात म्हणत होतो. खाली टॅक्सीचा भोंगा वाजला. ताईने मान वळवली नाही.

गोटी सुटली. जड होती, मातीवरून घरंगळत गेली, माझ्या गोटीच्या दिशेने अगदी सरळ गेली, आणि बोटभर अंतरावर, ओलीमुळे मातीला चिकटून थांबली.

"ओली होती म्हणून," ही घाईघाईने म्हणाली. "कोरडी असती तर..."

"नाही गं. नेम चुकला," ताई म्हणाली. तिचा चेहरा पडला नव्हता. उलट कोणीतरी तिच्या खांद्यावरून ओझे उतरवून घेतल्यासारखी ती सैल बसली होती. "आयुष्यभर मी धरून चालले होते की तो लागलाच असता. चुकूही शकला असता, हे कधी डोक्यातच आलं नाही." मग तिने टेबलावर थाप मारली. "चल. तुझी पाळी."

मी माझी गोटी घेतली. अंगठा टेकवला. समोर तिची गोटी इतकी जवळ होती की आंधळ्यालाही लागली असती. एक टिचकी मारली की डाव संपला असता. इतकी वर्षे अडलेला, एवढ्या खटपटीने मांडलेला डाव माझ्या बोटावर होता. खाली भोंगा पुन्हा वाजला. मी बोट सोडले नाही. गोटी हळूच होती तेथे ठेवली.

"उशीर होतोय तुला," मी म्हणालो.

"अरे, खेळून टाक की. एका टिचकीचं काम."

"नंतर."

ताईने एकदा माझ्या गोटीकडे पाहिले. मग ती उठली, हिच्या हाताला धरून जिना उतरली, टॅक्सीत बसली आणि काच खाली करून म्हणाली, "गोट्या भाजायला विसरू नकोस."

त्या भाजल्या नाहीत. त्या दोन तर कुंडीतून हलवताच येत नाहीत. त्यांची जागा बदलेल. आता त्या पूर्ण सुकल्या आहेत आणि ताईच्या गोटीला एक बारीक चीर गेली आहे. कुंडी टेबलावरच आहे, त्यामुळे आम्ही जेवण मांडीवर घेतो. हिचा गुलाब पातेल्यात रुसून बसला आहे आणि ही त्याचे उट्टे माझ्यावर काढते. पण मातीवर धूळ बसू नये म्हणून रोज सकाळी कुंडीवर स्वच्छ फडके तीच घालते. वकील मध्यंतरी डोकावून गेले आणि हा डाव जर चालू असेल, तर त्याला मुदत असायला हवी, असे म्हणाले. मी त्यांना चहा दिला.

रविवारी ताईचा फोन येतो. इकडे संध्याकाळ असते, तिकडे तिने नुकतेच अंथरूण आवरलेले असते. लेकीच्या घरातल्या गोष्टी सांगून होतात. तेथेही सगळी फरशीच आहे म्हणते. ही आतून ओरडते, "वन्सं, यांना सांगा हो, माझी कुंडी सोडायला!" ताई हसते. मग विचारते,

"छोट्या, टाकलीस का रे?"

"थांब गं," मी सांगतो. "नेम धरतोय."

"बरं," ती म्हणते. "घाई करू नकोस." आणि आम्ही दोघेही फोन ठेवत नाही.